पूर्वपक्षालाही गुण हवेत

‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर किती पिढ्यांनी निबंध लिहिले असतील! सुरुवातीला विजेचा दिवा, आगगाडी आणि देवीची लस, मध्यावर हिरोशिमा आणि शेवटी ‘विज्ञान चांगले की वाईट, हे ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असा समारोप. पुढे विज्ञानाच्या जागी दूरदर्शन आले, मग मोबाइल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. शेवटचे वाक्य मात्र जागचे हलले नाही. प्रश्नाने बाजू विचारली होती. मुलाने ती घेतलीच नाही, आणि तरी त्याला चांगले गुण मिळाले.

दोष मुलाचा नाही. बाजू न घेणे सुरक्षित असते, हे त्याला शिकवणीत आणि गाईडमधून व्यवस्थित शिकवलेले असते. पेपर कोण तपासणार, त्या परीक्षकाचे मत काय असणार, हे ठाऊक नसताना ‘दोन्ही बाजू’ लिहून मोकळे होणे त्याला शहाणपणाचे वाटते. वैचारिक निबंध म्हणजे विचारपूर्वक घेतलेली भूमिका आणि तिच्यासाठी दिलेली कारणे. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र त्या जागी बहुतेक वेळा माहिती, सुविचार आणि उपदेश एवढेच उरते.

उज्जैनसारख्या शहरात, जिथे वाद घालण्याजोगा विषय दारातच आहे, हे अधिक खटकते. मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या हिंदीच्या पेपरात निबंध ‘रूपरेखेसह’ लिहायला सांगतात. कल्पना उत्तम आहे. लिहिण्याआधी मुलाने मुद्दे ठरवावेत, एवढाच तिचा हेतू. प्रत्यक्षात रूपरेखाच पाठ होते: प्रस्तावना, महत्त्व, लाभ, हानी, उपसंहार. विषय पर्यावरण असो, इंटरनेट असो की स्त्रीशिक्षण, खण तेच राहतात आणि त्यांतला माल तेवढा बदलतो. ‘जलप्रदूषण’ हा विषय आला की क्षिप्रेकाठचा मुलगा जे लिहितो तेच जबलपूरचा लिहितो आणि तेच चंद्रपूरचा. पाणी म्हणजे जीवन, नद्या आपल्या माता, कारखान्यांचे सांडपाणी, जनजागृती हवी, पुढच्या पिढ्यांसाठी नद्या जपू या. यात खोटे काहीच नाही आणि वाद घालण्याजोगेही काही नाही.

त्या क्षिप्रेकाठच्या मुलाच्या गावात, उज्जैनमध्ये, त्याच नदीवरून एक खरा वाद कित्येक वर्षे चालला आहे. क्षिप्रा ही पावसावर जगणारी नदी. उन्हाळ्यात तिचा प्रवाह जवळजवळ आटतो. म्हणून नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून, सुमारे ४७ किलोमीटरच्या जलवाहिनीतून, सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्याची योजना झाली. तिचा खर्च ४३२ कोटी रुपये होता आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये पाणी वाहू लागले. उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातली स्नाने त्या पाण्यावर झाली. दुसरीकडे इंदूरमधून येणारी कान्ह नदी शहराच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते आणि आपल्याबरोबर सांडपाणी घेऊन येते. स्नानाचा रामघाट या संगमाच्या खालच्या अंगाला आहे.

आता प्रश्नाचे शब्द थोडे बदलून पाहावेत. ‘नदीप्रदूषण : एक समस्या’ असे न विचारता ‘क्षिप्रेत नर्मदेचे पाणी सोडणे हा तिच्या शुद्धीचा खरा उपाय आहे का?’ असे विचारले, तर मुलाला हो किंवा नाही यातले काहीतरी म्हणावेच लागेल. समजा तो ‘नाही’ म्हणाला. त्याचे पहिले कारण सरळ आहे. बाहेरून आणलेल्या पाण्याने घाण पातळ होते, थांबत नाही. कान्ह जोवर त्रिवेणीला मिळते आहे, तोवर वरून कितीही पाणी सोडले तरी खाली घाटावर तीच स्थिती पुन्हा येणार. त्यात हे पाणी विजेवर उचलावे लागते, म्हणजे खर्च एकदाचा नाही, कायमचा. इथवर बहुतेक हुशार मुले पोचतील. बरेच शिक्षक इथेच समाधानी होतील.

पण निबंधाचा कस लागतो तो यापुढे. ‘हो’ म्हणणारा माणूस मूर्ख नाही, हे मुलाने आधी मान्य करायला हवे. त्याचे म्हणणे असे: नदीत पाणीच नसेल तर शुद्धी कशाची करायची? नर्मदा आली नसती तर सिंहस्थात स्नान कसे झाले असते? शिवाय इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आहे. २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थापनासाठी त्याला देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून मान्यता मिळाली. मग इंदूरच्या सांडपाण्याची ओरड कशासाठी? हा पूर्वपक्ष आहे आणि तो भक्कम आहे. तो निबंधात जसाच्या तसा आला पाहिजे, सहज ढकलून पाडता येईल असा दुबळा करून नव्हे.

उत्तर द्यायचे तर मुलाला त्यातला काही भाग आधी स्वीकारावा लागेल. प्रवाह हवा, हे खरे. सिंहस्थात नर्मदेने वेळ निभावून नेली, हेही खरे. पण प्रवाह असणे आणि पाणी स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कान्हचे पाणी खरोखर निर्धोक झाले असते, तर ते शहराला वळसा घालून पुढे नेऊन सोडण्याची धडपड शासनाने केली नसती. २०१६ च्या आधी त्यासाठी जलवाहिनी टाकली गेली आणि आता २०२८ च्या सिंहस्थासाठी बंद कालवा आणि बोगदा यांचे काम हाती घेतलेले आहे. शासनाची स्वतःची कृतीच सांगते की प्रश्न सुटलेला नाही. आणि जो मुलगा आणखी एक पाऊल टाकील, तो विचारील: वळवलेले पाणी ज्या गावांच्या बाजूने पुढे सोडायचे, तिथल्या लोकांचे काय? एवढे लिहिणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नागरिक म्हणून तयार झाला, असे म्हणायला हरकत नाही. त्याचे उत्तर ‘हो’ असते आणि त्याने ते याच कसोशीने मांडले असते, तरी त्याला तितकेच गुण मिळायला हवेत.

ही रीत कुठून बाहेरून आणावी लागणार नाही. आपल्याकडे मीमांसकांनी कोणत्याही अधिकरणात, म्हणजे एका मुद्द्याच्या चर्चेत, आधी विषय सांगितला, मग संशय मांडला, मग पूर्वपक्ष, मग उत्तर आणि निर्णय. नैयायिकांचे पाच अवयवांचे वाक्य तर प्रसिद्धच आहे: डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. विधान, कारण आणि पडताळून पाहता येईल असे उदाहरण, असा त्यातल्या पहिल्या तीन अवयवांचा क्रम आहे. दहावीच्या मुलाला प्रतिज्ञा-हेतू-उदाहरण-उपनय-निगमन ही नावे पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. मग तीच नवी रूपरेखा होऊन बसेल. पण ‘कशावरून?’ आणि ‘समोरचा काय म्हणेल?’ हे दोन प्रश्न त्याच्या अंगवळणी पाडता येतात.

उज्जैनशी परंपरेने ज्याचे नाव जोडलेले आहे त्या कालिदासाने हे रंगमंचावरच करून दाखवले आहे. ‘मालविकाग्निमित्र’ हे विदर्भाच्या राजकन्येचे नाटक. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधाराचा साथीदार आक्षेप घेतो: भास, सौमिल्लक, कविपुत्र असे नामांकित नाटककार असताना या नव्या कालिदासाचे नाटक कशाला करायचे? सूत्रधार आक्षेप उडवून लावत नाही. जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून वाईट ठरवणे ही पारखच नव्हे, असे तो दाखवून देतो. स्वतःविरुद्धचा आक्षेप नाटककाराने पहिल्याच प्रवेशात, प्रतिस्पर्ध्यांची नावे घेऊन लिहिला आणि मग प्रेक्षकांना नाटक दाखवले. दरवर्षी कार्तिकात कालिदास समारोह भरवणाऱ्या शहरातल्या शाळांना वादाच्या लेखनाचा याहून जवळचा धडा कुठे मिळणार?

आणखी एक धडा तर मराठी घरातला आहे. गजानन माधव मुक्तिबोध १३ नोव्हेंबर १९१७ रोजी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मले. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या आणि बदलत्या शाळा. १९३० मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले आणि हे अपयश त्यांनी पुढे आपल्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना मानले. उज्जैनच्याच माधव कॉलेजात ते कविता लिहू लागले, १९४३ च्या ‘तारसप्तक’ या काव्यसंकलनात आले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक मोठे नाव झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून गाजले. एकाच घराने दोन भाषांना दोन विचारवंत दिले.

या लेखात मुक्तिबोध येतात ते त्यांच्या गद्यामुळे. १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘एक साहित्यिक की डायरी’त ते आपले विचार सलग प्रवचनासारखे मांडत नाहीत. त्यात केशव नावाचा मित्र येतो, बोलतो, अडवतो, खोचक प्रश्न विचारतो. कलेच्या निर्मितीसारखा अवघड विषय दोघांच्या बोलण्यातून उलगडतो. विरोधी मताला त्यांनी नाव दिले, आवाज दिला, कधीकधी त्याला आपल्याहून वरचढही होऊ दिले. वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो यामुळेच. नववी-दहावीच्या वर्गात त्यातली चार पाने वाचून दाखवावीत आणि मुलांना सांगावे की तुमच्या निबंधातही एक केशव असू द्या.

याच मुक्तिबोधांनी शाळकरी मुलांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. पुस्तकातले काही पटले नसेल तर त्याला दुसऱ्या लेखनाने उत्तर देता आले असते. ज्या समाजाला प्रतिवाद लिहिण्याची सवय नसते, तो बंदीकडे लवकर वळतो.

महाराष्ट्रात ती सवय लावण्याचे काम निबंधानेच केले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते. पुढे संमतिवयाच्या विधेयकावरून टिळक आणि आगरकर हे एकेकाळचे सोबती समोरासमोर उभे राहिले. मुलींसाठी संमतीचे वय दहावरून बारा करणारा हा कायदा १८९१ मध्ये झाला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा टिळकांचा आक्षेप पोकळ नव्हता, आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांना तो ओलांडून पुढे जाणे भाग होते. आगरकरांचे लेख आजही धारदार वाटतात, कारण विरोधक जे म्हणतो ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलेले असते. त्यांचा राग शब्दाशब्दांत जाणवतो, पण त्या रागाच्या मागे कारणे उभी असतात.

आजच्या महाराष्ट्राच्या दहावीत यातले काय उरले आहे? मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पेपरात निबंधाला ८ गुण असतात आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतून एक निवडायचे असते. नदीचे मनोगत किंवा पाहिलेला अपघात लिहिणे सोपे वाटल्यावर वैचारिककडे कोण वळणार? प्रतिवादाचा प्रश्न आहे, पण तो इंग्रजीच्या लेखनकौशल्यात. ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ या नावाने तो मुलांना चांगला माहीत आहे. एका बाजूचे मुद्दे छापलेले असतात. मुलाने विरुद्ध बाजू लिहायची. मुले काय करतात, हे शिकवणारा कोणीही सांगेल. छापलेल्या प्रत्येक मुद्द्यात ‘नॉट’ घालतात. ‘मोबाइलमुळे अभ्यास होतो’चे ‘मोबाइलमुळे अभ्यास होत नाही’ करतात. वाक्य उलटे केले म्हणजे उत्तर दिले असे होत नाही. तरीही प्रश्न चांगला आहे. तो मातृभाषेच्या पेपरात असायला हवा, कारण मूल विचार करते त्याच भाषेत त्याला वाद घालता यायला हवा. नागपूर-पुण्यापासून दूर, उज्जैन-इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुले शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलतात. त्यांच्याबाबतीत तर दोन्ही भाषांत.

परदेशांचा अनुभव दोन टोकांचा आहे. फ्रान्समध्ये शालान्त परीक्षेत तत्त्वज्ञानाचा पेपर चार तासांचा असतो. विषय प्रश्नरूपात येतो आणि मुलाला बाजू, प्रतिपक्ष आणि निष्कर्ष असे सलग लिहावे लागते. अमेरिकेत २००५ मध्ये सॅट परीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध आणला गेला. एमआयटीतले लेखनाचे अध्यापक लेस पेरेलमन यांनी दाखवून दिले की जितका लांब निबंध तितके गुण जास्त, असा सरळ संबंध दिसतो आणि तथ्ये चुकली तरी गुण कापायचे नाहीत अशी परीक्षकांना सूचना आहे. मुले ठोकून देऊ लागली. २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंद पडला. परीक्षक ज्याला गुण देतो तेच मुले शिकतात, हे तिथे सिद्ध झाले आणि आपल्याकडे ते रोज सिद्ध होते आहे. पुरवणीची जाडी पाहून गुण द्यायची सवय इथेही आहे. थोर माणसाच्या नावावर खपवलेले बनावट वचन निबंधाच्या कपाळावर चिकटवले की परीक्षक खूश होतो, अशी मुलांची खात्री असते. बनावट आकडेवारीचेही तसेच. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा रामघाटावर उभे राहून पाहिलेले दोन ओळींत लिहिणे अधिक वजनदार आहे, हे मुलांना कोणीतरी ठासून सांगायला हवे.

वेळ कुठे आहे, असा शिक्षकांचा रास्त आक्षेप येईल. हिशेब करून पाहावा. ८० गुण आणि तीन तास, म्हणजे ८ गुणांच्या निबंधाला सुमारे अठरा मिनिटे. त्यातली पहिली तीन मिनिटे कच्च्या कामाला द्यावीत: माझी बाजू एका वाक्यात, तिची दोन कारणे, समोरच्याचा सर्वांत अवघड आक्षेप, त्यावर माझे उत्तर. उरलेल्या पंधरा मिनिटांत एवढेच विस्ताराने लिहायचे. सहा लाभ आणि सहा तोटे मोजण्यापेक्षा हे सोपे पडते, कारण आठवायचे कमी असते. पहिल्याच परिच्छेदात बाजू सांगून टाकावी. परीक्षकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नये. ‘प्राचीन काळापासून मानव’ अशी सुरुवात करण्यात दोन मिनिटे आणि चार ओळी वाया जातात.

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. मुले बाजू घेऊ लागली तर वर्गात राजकारण शिरेल, घरचे रागावतील, परीक्षकाच्या मताशी मत जुळले नाही तर मूल मार खाईल. ही भीती खोटी नाही. लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासताना हा धोका वाढतोच. त्यावर उपाय गुणदानाच्या तक्त्यात आहे. मत कोणते, याला शून्य गुण. बाजू स्पष्ट आहे का, कारणे त्या बाजूला खरोखर आधार देतात का, विरुद्ध मत प्रामाणिकपणे मांडले आहे का, त्याला उत्तर दिले आहे का, भाषा नीट आहे का, यांना वेगवेगळे गुण. असा तक्ता परीक्षकाच्या हातात असेल तर मुलाचे मत त्याला पटो न पटो, गुण देणे भाग पडेल. आणि राजकारण शिरण्याबद्दल बोलायचे तर ते मुलांच्या घरात आधीच आहे. २०२५ मध्ये सिंहस्थ क्षेत्रातल्या जमिनी कायमच्या बांधकामांसाठी एकत्र करण्याच्या योजनेला उज्जैनच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. दर बारा वर्षांनी तात्पुरते रस्ते आणि गटारे करण्यात पैसा वाया जातो, हे शासनाचे म्हणणे होते. जमीन काही काळापुरती देऊन पुन्हा पीक घेत आलो, ती कायमची गेली तर खायचे काय, हे शेतकऱ्यांचे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात योजना मागे घेण्याचे सरकारने जाहीर केले. त्या गावांतली मुले जेवताना हा वाद ऐकतच मोठी होत आहेत. मोठ्यांच्या या भांडणात दोन्हीकडची कारणे नीट ऐकून लिहायला त्यांना शाळेने शिकवले, तर त्यात कोणाचे नुकसान नाही.

भोपाळच्या आणि पुण्याच्या, दोन्ही मंडळांनी म्हणून दोन गोष्टी कराव्यात. निबंधाचा निदान एक विषय असा प्रश्न असावा, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यावे लागेल, आणि तो शक्यतो मुलाच्या जिल्ह्यात पाहता येईल अशा गोष्टीवर असावा. आणि गुणदानाच्या सूचनांत पूर्वपक्षासाठी स्वतंत्र दोन गुण राखून ठेवावेत. मंडळे हलायला वेळ लावतील. शिक्षकांना तेवढे थांबायची गरज नाही. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि त्याआधीची सराव परीक्षा प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या हातात असते. यंदाच्या सराव पेपरात ‘विज्ञान : शाप की वरदान’ काढून टाकावा, गावातला एक खरा प्रश्न घालावा, आणि विरोधकाचे म्हणणे सर्वांत प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.